खळीच्या बरणीचं झाकण

४ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र आधी बाजूला टाकलं असशील. मग उघडलंस, त्याबद्दल आभार. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. जायला आपल्या घरात तू आणि मी सोडून उरलंय कोण.

कारण साधं आहे. वरच्या खोलीतला माळा आवरायला काढला, तर तुझी पत्र्याची ट्रंक निघाली. आत दोन स्वेटर, कागदाची घडी दाबायची बाबांची हाडाची पट्टी आणि तुझा हिरवा थर्मास. पाठवू की ठेवू, एवढंच विचारायचं होतं. सहा वर्षांपूर्वी तू एक कार्ड टाकलं होतंस, 'माझं टपाल आल्यास या पत्त्यावर पाठवावे.' बाकी एक अक्षर नाही. मी जणू पोस्टमास्तर. तोच पत्ता अजून आहे असं धरून चालले आहे.

दुकान ठीक चाललंय. पुस्तकं शिवून घेणारे कमी झाले, पण वाचनालय, दोन शाळा आणि चारपाच हट्टी वाचक आहेत तोवर आपली पुठ्ठे चिकटवायची खळ शिजत राहील. शेजारचे चष्मेवाले काका स्वतःचा चष्मा रोज हरवतात आणि शोधायला माझ्याकडे येतात. माझी तब्येत ठणठणीत. हल्ली पाचलाच उठते. वय झालं की झोप उडते म्हणतात, तसंच काहीतरी असेल. अक्षर वाकडं आलंय त्याला पेन जबाबदार आहे. नवं आहे, हाताला बसलं नाही.

ट्रंकेचं कळव. आणि सहज विचारते, तुझे हात कसे आहेत?

तुझी
ताई

१९ फेब्रुवारी

धाकटे,

पंधरा दिवस पोस्टमनच्या सायकलकडे बघत बसले. त्याला वाटलं माझं लग्नबिग्न जमतंय. या वयात.

पेनाचं खोटं होतं. पेन जुनंच आहे.

ऑक्टोबरात सुरू झालं. आधी वाटलं उशी उंच झाली, मग वाटलं गादी बदलायला हवी. गादी बदलली. आता नव्या गादीवर दुखतं. सकाळी डोळा उघडतो तेव्हा रात्रभर कुणी बोटांच्या सांध्यांत खळ ओतून वाळवून ठेवल्यासारखं असतं. मूठ वळत नाही, वळलेली उघडत नाही. पांघरूण मनगटांनी ढकलते. पाय जमिनीला टेकवले की तळव्यांखाली खडे पसरल्यासारखे बोचतात. नळ कोपराने उघडते. टूथपेस्टचं टोपण लावतच नाही. जिना बसून उतरते, एकेक पायरी, लहानपणी तू उतरायचीस तशी. वेणी घालता येईना म्हणून केस कापून घेतले आणि सगळ्यांना सांगितलं, उकडतं. ऐन थंडीत.

पाचला उठते ती झोप उडते म्हणून नाही. आठला सुई धरता यावी म्हणून तीन तास आधीपासून हातांची मनधरणी करावी लागते. गरम पाण्यात बुडवायचे, मिटायचे, उघडायचे, परत बुडवायचे. पाणी आदल्या संध्याकाळी तापवून ठेवते, कारण पहाटे मला भांडं उचलता येत नाही. थर्मास ट्रंकेत आहे असं लिहिलं होतं ना? नाही. तो माझ्या उशाशी आहे. तू उशाशी घेऊन झोपायचीस तेव्हा मी त्याला राणीसाहेबांचा चहा म्हणायचे. आत नुसतं पाणी असायचं, हे मला आत्ता कळलं.

आणि मग अकरा वाजून जातात आणि सगळं सुटतं. दुपारी मी गाणं म्हणत पुस्तकं शिवते. चष्मेवाले काकांना परवा सांगितलं, काका, सकाळी मला कपसुद्धा धरवत नाही. त्यांनी माझ्या भराभर चालणाऱ्या सुईकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि हसले. ते हसणं मी ओळखलं. ते माझं होतं.

डॉक्टर बाईंकडे गेले. हसऱ्या आहेत, तुझ्या वयाच्या. त्यांनी विचारलं, सकाळचं आखडणं किती वाजेपर्यंत राहतं? मी म्हटलं, साडेअकरापर्यंत. म्हटलं आणि तो आकडा माझाच मला ऐकू आला. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का?

"नाही," मी म्हटलं. "कुणालाच नाही."

सवयीने म्हटलं गं. घरी येऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि बराच वेळ वर गेले नाही.

ताई

८ मार्च

धाकटे,

आज दुकानातलीच गोष्ट सांगते.

वाचनालयाचा मोठा शब्दकोश परत आलाय. लोकांनी शब्द शोधून शोधून त्याचा पुठ्ठा निखळवला. ग्रंथपाल म्हणाले, सगळा उसवा आणि नव्याने शिवा. पाठीवरचा कागद भिजवून सोलला, तर शेवटच्या फर्म्यावर निळी गाठ.

बाबांचा नेम तू विसरली नसशील. माझी गाठ लाल दोऱ्याची, तुझी निळ्या, आणि दोन्ही पुठ्ठ्याच्या आत. मी एकदा विचारलं होतं, जे गिऱ्हाइकाला दिसणारच नाही ते कशाला करायचं? ते म्हणाले, गिऱ्हाइकाला नको दिसू दे, पुस्तकाला ठाऊक असावं आपल्याला कुणाचा हात लागला.

सोळा पानांचा एक असे साठ फर्मे. तू बाकीची कामं सांभाळून रोज वीस शिवले होतेस. मी टाक्यांवरून बोट फिरवत गेले. पहिले सातआठ सैल. इतके सैल की आत नख जातं. मग हळूहळू दोरा ताणत जातो, आणि विसाव्यापर्यंत असा टाका की मला अजून जमत नाही. एकविसाव्याला परत सैल. मग परत घट्ट. एकेचाळिसाव्याला परत सैल. मला तुझ्या तीन सकाळी बोटांनी मोजता आल्या. दुपारीसुद्धा. बाबा म्हणायचे ते खरं आहे, शिवणीचा खरा हात तुझाच.

त्या वेळी हेच सैल टाके बघून मी काय म्हणाले होते आठवतं? रागाने शिवतेस. मुद्दाम बिघडवतेस. चौथ्या दिवशी सकाळी ग्रंथपाल हाच कोश न्यायला आले. पुठ्ठ्याला खळ लावायची बाकी होती. तुझ्या हातून खळीची बरणी निसटली आणि दारात फुटली. मी घाईत होते, माणूस ताटकळत उभा होता, तोंडून काहीतरी गेलं. तू मनाला लावून घेतलंस. तीन दिवसांत एक बॅग भरून गेलीस.

कोश तसाच मेजावर आहे. उसवायला कात्री घेतली होती, परत ठेवली.

ताई

२७ मार्च

धाकटे,

मागच्या पत्राची मला लाज वाटते. 'तोंडून काहीतरी गेलं.' 'तू मनाला लावून घेतलंस.' टाकून आले आणि वाटलं, पोस्टाच्या पेटीत हात घालून परत काढावं.

काय गेलं ते आपल्या दोघींना पाठ आहे, तरी माझ्या हाताने लिहिते. मी म्हणाले, "हिचं दुखणं सरकारी नोकरीत आहे. सकाळी हजर, साडेअकराला गायब." ग्रंथपाल हसले. चष्मेवाले काका हसले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत तुझं नाव साडेअकरा पडलं होतं. काचा वेचताना तू मान वर केली नाहीस. मला वाटलं, काय फर्मास बोलले मी.

पण हे गल्लीला माहीत आहे. माहीत नाही ते वेगळंच आहे.

संध्याकाळी बरणीचं झाकण लावायचं काम आधी तुझं होतं. तू सैल लावायचीस. रात्रभरात खळीवर साय धरायची आणि वरची बोटभर खळ वाया जायची, म्हणून मी ओरडायचे. मग ते काम मी स्वतःकडे घेतलं आणि झाकण घट्ट लावायला लागले. इथवर मी शिस्तीची थोरली बहीण.

मग एक दिवस त्या प्लॅस्टिकच्या झाकणाच्या कडेवर मला दातांच्या खुणा दिसल्या. एक नाही, गोल सगळीकडे. मी त्यावरून बोट फिरवलं. सोंग करणारी बाई सोंगासाठी दात मोडून घेत नाही, एवढी अक्कल मला होती. मला तेव्हाच कळलं, धाकटे. नुसती शंका आली असं नाही, कळलं. आणि त्या संध्याकाळी मी झाकण आणखी जोर लावून फिरवलं. दुसऱ्या संध्याकाळीही. चार महिने. बरणी फुटली ती तू धांदरट म्हणून नाही. झाकणाशी झटता झटता फुटली.

का, ते शोधत बसले नाही, ते समोरच होतं. बाबांनी शेवटी हाडाची पट्टी तुला दिली. दुकान मी उघडायचे, मी बंद करायचे, गिऱ्हाइकांच्या शिव्या मी खायचे, आणि हात मात्र धाकटीचा. तुला जमत नाही असं एक तरी काम मला रोज सकाळी डोळ्यांनी बघायचं होतं. ते मी झाकण फिरवून तयार करायचे.

डॉक्टर बाईंना परत जाऊन सांगितलं की बहिणीला होतं. त्यांनी विचारलं, औषध कधी सुरू केलं तिने? म्हटलं, ठाऊक नाही, दीड वर्ष तर घरातच काढलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, या संधिवातात सुरुवातीचे दिवसच महत्त्वाचे, तेवढ्यात औषध मिळालं तर सांधे वाचतात, पुढे वाकलेलं सरळ होत नाही. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, तुम्ही वेळेवर आलात, तुमचे वाचतील.

एका सकाळी तू म्हणाली होतीस, ताई, आज दुकान थोडं उशिरा उघड, माझ्याबरोबर दवाखान्यात चल. मी म्हटलं होतं, साडेअकराला बरी होशील, तेव्हा जा. तू गेली नाहीस. मीही परत विचारलं नाही. तो दीड वर्षाचा उशीर माझा आहे. माफी कशी मागायची ते मला येत नाही, आपल्या घरात कुणी शिकवलंच नाही, पण मागते.

तुझे हात कसे आहेत एवढंच कळव.

ताई

२२ एप्रिल

धाकटे,

एक सांगायचंय आणि सांगायला तोंड नाही. गोळ्या लागू पडल्या. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे, दुसऱ्या दिवशी मळमळतं, बस एवढंच. साडेअकराचे साडेनऊ झाले, मग आठ. आता पाऊण तासात मूठ वळते. काल जिना उभी राहून उतरले, आणि मधल्या पायरीवर थांबून रडले. चष्मेवाले काकांना वाटलं पाय मुरगळला. चष्मा न लावताच धावत आले आणि दाराच्या चौकटीवर आपटले.

बरं वाटतं याचीच चीड येते. रोज सकाळी बोटं हलली की आधी आनंद होतो आणि मग तू आठवतेस. हे हात तुला मिळायला हवे होते. मला काय, मी पुठ्ठे कापून पोट भरलं असतं.

तुझ्या गावचं तिकीट काढलंय, बारा मेचं. तू नको म्हणालीस तर येणार नाही. पण गप्प राहिलीस तर येईन, एवढी निर्लज्ज मी आहे. तुला ठाऊक आहे.

ताई

१४ मे

धाकटे,

तुझं पत्र दहा तारखेला आलं. पाकिटावरचं अक्षर अनोळखी, शाळेतल्या बाईंसारखं वळणदार. उघडायच्या आधीच समजले. तू दुसऱ्याकडून लिहून घेतलंस याचा एकच अर्थ होता.

इतक्यांदा वाचलंय की आता न बघता म्हणता येतं.

"ताई, पत्रं सगळी मिळाली. शेजारच्या निवृत्त शिक्षिका लिहून घेत आहेत. हातांचं विचारलंस. उजव्याची तीन बोटं बाहेरच्या बाजूला वळली आहेत, डावं मनगट हलत नाही. औषध इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी सुरू झालं. सुई धरता येत नाही, पेनही नाही. सकाळचं दुखणं आता बरंच कमी आहे, मोडायचं ते मोडून झालंय. मी एका दवाखान्यात फोन घेते, कानाला लावायचं यंत्र आहे. आवाज गोड आहे म्हणतात.

"झाकणावरून तू बोट फिरवलंस तेव्हा मी जिन्यात उभी होते. मला वाटलं, सुटले. संध्याकाळी तू झाकण कसं लावतेस ते बघायला वरून वाकून उभी राहिले. मग रोज बघायचे. चार महिने मला वाटत होतं, आज ताई सैल लावेल. मी गेले ती साडेअकरा म्हणालीस म्हणून नाही. लोक काय, हसतात आणि विसरतात. हे लिहिताना बाई रडताहेत, मी नाही.

"तुझे हात वाचले, बरं झालं. खरंच म्हणते. पण येऊ नकोस. दार उघडल्यावर मी आधी तुझ्या हातांकडे बघेन आणि मला ते बघवणार नाहीत. पत्र लिहावंसं वाटलं तर लिही. थर्मास तू ठेव. बाबांची पट्टी पाठव. धरता येत नाही, पण जवळ असू दे."

तिकीट परत केलं. खिडकीतल्या माणसाने विचारलं, काय बाई, बेत बदलला? मी हो म्हटलं.

तू जिन्यात होतीस. सहा वर्षं मी समजत होते की ती गोष्ट मला एकटीला माहीत आहे. गल्लीसमोर केलेल्या विनोदाची मला लाज होती, आणि तुला तो लागलाही नव्हता फारसा. तू वरून माझे हात बघत होतीस. रोज.

कोश उसवला नाही. तुझे टाके होते तसेच ठेवले आणि जिथे जिथे सैल होते तिथे शेजारून माझा लाल दोरा आधाराला घातला. ग्रंथपाल काल न्यायला आले. म्हणाले, उसवा म्हटलं होतं ना? चष्मेवाले काकाही होते, नेहमीप्रमाणे चष्मा शोधत. मी दोघांना बसवलं आणि सांगितलं, "ही माझ्या बहिणीची शिवण आहे. तिचे हात खरंच दुखत होते. ती सोंग करत नव्हती, आणि मला ते ठाऊक होतं." ग्रंथपाल कोशाकडे बघत राहिले. काका म्हणाले, अगं, पण मीही हसलो होतो. कोश उचलून ग्रंथपाल गेले. सहा वर्षांनी बोलून तुझं एक बोटही सरळ होणार नाही, हे मला कळतं.

पट्टी आजच्या टपालाने पाठवतेय. पार्सलला गाठ मारलेली नाही. दोऱ्याचं एक मोठं वेटोळं बाहेर काढून ठेवलंय, त्यात मनगट अडकवून ओढलंस की सगळा दोरा सुटतो. बोटं लागत नाहीत. मी चार दिवस सकाळी उठून दोन्ही मुठी फडक्याने बांधून करून बघत होते, कालपासून दर वेळी जमतं. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, असं वाटेत उघडेल, चिकटपट्टी लावा. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मग उघडलं तर आमची जबाबदारी नाही. म्हटलं, नाही, माझी.

आत कागदात गुंडाळलेली एक डबी आहे, पट्टी तिच्यात आहे. डबीचं झाकण सैल ठेवलंय.

ताई